रस्त्याच्या आमच्या बाजूची मतं

'नाही' हा शब्द मला वेळेवर सुचत नाही. सुचतो, पण समोरचा माणूस निघून गेल्यावर. त्या संध्याकाळी जेवताना सासरे म्हणाले, "अरे, तू मतं मागायला विव्हर स्ट्रीटची घरं कर," आणि मी 'हो' म्हणून बसलो. पुढचं सगळं वाटोळं तिथून सुरू झालं.

माझे सासरे आर्ची डॅलग्लीश. कर्कब्रॅनन गावातलं मटणाचं दुकान त्यांचं, आणि गेली कित्येक वर्षं कौन्सिलातली आमच्या वॉर्डाची खुर्चीही त्यांचीच. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. त्यांच्या दुकानात मागच्या खोलीत सॉसेज भरतो आणि विव्हर स्ट्रीटवर त्यांच्याच घरात राहतो. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "अरे, तू", एवढंच. (खिमा करायच्या मशीनला मात्र ते लाडानं 'बेसी' म्हणतात.) मला वाटलं, या निवडणुकीत आपण काही करून दाखवलं, तर एकदा तरी ते 'लॅकी' म्हणतील.

त्या वर्षी वॉर्डांच्या हद्दी बदलल्या होत्या. कशा बदलल्या, ते मला कोणी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात 'हद्द' हा शब्द काढायला बंदी होती. नवा नकाशा आला त्या दिवशी सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं होतं, म्हणून सासूबाईंनी तो नकाशा कपाटामागे सरकवून टाकला. झाडताना एकदा माझ्या हाती लागला. आमच्या रस्त्याच्या अगदी मधोमध एक जाड निळी रेघ होती. त्याच महिन्यात गॅसवाल्यांनी आमचा रस्ता बरोबर तिथूनच खोदला होता. म्हणजे ही गॅसची पाइप, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"व्हारी," मी बायकोला विचारलं, "पाइपचा नकाशा मिस्टर डॅलग्लीशनी घरी कशाला आणला?"

"कसली पाइप? बाबांना विचार," ती केस विंचरता विंचरता म्हणाली.

बाबांना विचारायचं, म्हणजे विषय संपला.

आता, रस्त्याला बाजू दोन. समोरच्या बाजूला उंच पायऱ्या, चकचकीत पितळी कड्या आणि एक कुत्रा. (माझ्या एका पँटचा एक पाय अजून त्याच्याकडेच आहे.) आमच्या बाजूला मला लहानपणापासून ओळखणाऱ्या म्हाताऱ्या. मी विचार केला, आधी आपली बाजू पक्की करू, समोरची नंतर.

समोरची राहूनच गेली.

"कोण? आर्चीचा जावई?" पहिल्याच घरातल्या मिसेस पर्डी ओरडल्या. "आत ये! पोस्टमनसारखा काय उभा राहिलास!"

"मी... ते मताचं..."

"बस आधी. शॉर्टब्रेड घे. किती वाळलास रे! सासू जेवायला घालते की नाही तुला?"

"मिस्टर डॅलग्लीशना एक नंबर..."

आमच्याकडे शिक्का मारत नाहीत. आवडीप्रमाणे नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात.

"आर्चीला एक नंबर. दिला! आता दुसरं बिस्कीट उचल."

प्रत्येक घरी असंच झालं. माझं वजन वाढलं. हिंमतही वाढली. रोज रात्री जेवताना सासरे विचारायचे, "काय म्हणतेय विव्हर स्ट्रीट?"

"घट्ट आहे, मिस्टर डॅलग्लीश."

"आणि माझ्याविरुद्ध उभा राहिलेला तो गिल्फिलन? त्याला कोणी विचारतंय?"

"एकही माणूस नाही." (हे अगदी खरं होतं. का खरं होतं, ते कळायला मोजणीचा दिवस उजाडावा लागला.)

एका रात्री सासऱ्यांनी न बोलता मोठं सॉसेज माझ्या ताटात सरकवलं. मला झोप लागली नाही.

मतदानाच्या दिवशी सासरे छातीला फीत लावून सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभे. माझ्या कार्डावर मात्र चर्चचा हॉल लिहिला होता. शाळेत गर्दी होत असेल, असं म्हणून मी हॉलमध्ये गेलो. मताचा कागद उघडला. त्यावर आर्ची डॅलग्लीश नव्हते. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, कागद उलटा करून पाहिला. टेबलामागच्या बाईंना विचारावं, तर त्या चष्म्यावरून बघत होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या बाईंपुढे माझं तोंड शाळेतही उघडत नसे. शेवटी मी तळाशी सुवाच्य अक्षरात 'आर्ची डॅलग्लीश, मटणवाले' असं लिहिलं आणि पुढे एकचा आकडा घातला.

बाहेर मिसेस पर्डी दाराशी लावलेली उमेदवारांची नावं वाचत होत्या.

"आमचा आर्ची कुठाय रे यात?"

"छापायला विसरलेत वाटतं," मी कुजबुजलो.

"मेले कामचुकार! मग आता?"

"मी हातानं लिहिलं."

"शहाणं गं माझं पोर!" म्हणून त्या मत द्यायच्या आधी मागे फिरल्या आणि आमच्या बाजूचं एकेक दार ठोठावत निघाल्या. मिसेस पर्डी लाजाळू नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाच्या हॉलमध्ये मोजणी झाली. गिल्फिलन जिंकला. सासरे हरले, तेही इतक्या थोड्या मतांनी, की आमची बाजू असती तर पुरून उरली असती. त्यांनी फीत काढून खिशात ठेवली. सासूबाई त्यांची बाही धरून उभ्या राहिल्या. मला काहीच उमजेना. आमची बाजू तर होतीच की!

मग शेजारच्या वॉर्डाची मोजणी आली. मतं मोजणाऱ्या मशीनला न समजलेले कागद पडद्यावर दाखवतात, सगळ्या उमेदवारांसमोर. पहिला कागद आला, 'आर्ची डॅलग्लीश, मटणवाले. १.' दुसरा, 'आर्ची. जावयानं सांगितल्याप्रमाणे.' तिसरा, 'आर्ची १. किडन्या ताज्या देतो.' कागद संपेनात. "बाद," अधिकारी प्रत्येक वेळी म्हणत होते, आणि शेवटी शेवटी त्यांनाही हसू आवरेना. गिल्फिलन तर डोळे पुसत होता.

व्हारीनं माझं कोपर पकडलं. "लॅकी, पाइपच्या नकाशावर निळी रेघ होती का रे?"

"हो. गॅसची."

"ती हद्द होती! आपली बाजू शेजारच्या वॉर्डात गेली. बाबांना स्वतःचं मत स्वतःला देता येणार नव्हतं, म्हणून तर ते त्या दिवशी जेवले नव्हते. त्यांची सगळी भिस्त समोरच्या बाजूवर होती. समोर कोण गेलं होतं?"

मी बुटांकडे पाहिलं. "तिकडे कुत्रा आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनी शेवटचा कागद येईपर्यंत पडदा पाहिला. मग संथपणे माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवला.

"लॅकी," ते म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदा! माझे डोळे भरून आले.

"पाच वर्षांनी मी परत उभा राहणार. तेव्हाही दारोदार तूच फिरायचंस."

"तुमच्यासाठी, मिस्टर डॅलग्लीश?"

"छे! गिल्फिलनसाठी."

मी सवयीनं 'हो' म्हणालो. शेजारी हसत उभ्या असलेल्या गिल्फिलनला मात्र 'नाही' हा शब्द लगेच सुचला.