जळणारे, न जळणारे आणि ग्रीक

माणूस मरतो, वर्गवारी उरते. (आत्म्याबद्दल मतभेद आहेत, वर्गवारीबद्दल नाहीत.)

१९९६ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेकडे ग्रीसमधल्या उत्खननात सापडलेल्या चारशे बारा प्राचीन कबरींच्या नोंदी आल्या. त्यांची कॉम्प्युटरवर सूची करायचं काम पुण्याच्या पुष्करकडे होतं. एकतीस मार्चला सूची पास झाली तर कंत्राट वाढणार, नाहीतर बायको विभासकट परत पुणे. मुदत सहा आठवडे. पुष्करने पाच आठवडे सखोल विचार केला आणि सहाव्यात स्वतःचंच एक जुनं सॉफ्टवेअर काढून त्याचं नाव बदललं. ते त्याने तिथल्याच एका नगरपालिकेसाठी लिहिलं होतं, घरगुती कचरा ‘जळणारा’ आणि ‘न जळणारा’ असा वेगळा करायला.

सॉफ्टवेअर निष्ठेने कामाला लागलं. मृताजवळची तेलाची कुपी: धुऊन, बूच काढून. काशाचा आरसा: न जळणारा. परलोकीच्या नावाड्यासाठी तोंडात ठेवलेलं नाणं: धातू, तोंडातून वेगळं करावं. कबरीवरची कोरीव शिळा: अवजड, आधी फोन करावा.

दहन करून कलशात नीट भरलेले एकवीस ग्रीक पास झाले. उरलेल्या तीनशे एक्क्याण्णव जणांना एकच शेरा: ‘सगळे एकत्र टाकले आहे. उचलले जाणार नाही. मालकाने परत न्यावे.’

“अरे, मेलेल्यांना कसले नियम?” विभा म्हणाली.

“तू दह्याचा डबा न धुता टाकलास, तेव्हा शेजारच्या काकू काय म्हणाल्या?”

विभा दह्याचा डबा धुवायला उठली. (काकू काहीच म्हणाल्या नव्हत्या. नुसत्या कमरेत वाकल्या होत्या. ते जास्त लागतं.)

एकतीस मार्चला विभागप्रमुख मोरिता-सान यांनी अकरा मिनिटं सूची वाचली.

“पुष्कर-सान, अडीच हजार वर्षांत कुणीच तक्रार केली नाही?”

“नाही, मोरिता-सान.”

“शेजारी काय करत होते?”

पुष्करने मान खाली घातली. मोरिता-सान यांनी शिक्का मारला. “फार गंभीर प्रकार उघडकीस आणलात.”

कंत्राट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून आता हयात माणसांची आगाऊ नोंदणी सुरू आहे. पुष्करने मराठी वाचकांपासून सुरुवात केली. अभिनंदन, तुम्ही बहुतेक ‘जळणारे’ आहात. गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठला. आदल्या रात्री बाहेर ठेवलेलं चालत नाही. पिशवी पारदर्शक हवी, वर नाव हवं. आत काय आहे ते शेजारी बघणारच. तेव्हा काही काढून ठेवायचं असेल, तर आजच ठेवा.