गयाकाकूंची तपासणी

गयाकाकू चायनीज हॉटेलात शिरण्याआधी चपला काढतात.

हिंगोलीत आमच्या कॉलेजच्या रस्त्याला 'ड्रॅगन चायनीज' आहे. तिथं बाहेर चपला काढायची मुळीच पद्धत नाही. आतली फरशी पाहता बूट घालून गेलेलं बरं. पण काकू पायरीशी थांबतात, चपला भिंतीला लावून ठेवतात, पाटीकडे मान वर करून हात जोडतात, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात आणि मगच आत जातात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी आजूबाजूला देऊळ शोधलं होतं.

दोष सगळा पेंटरचा. हॉटेलचा मालक बबन हा शिरड शहापूरचा. त्याने पाटी रंगवायला औंढ्याहून माणूस आणला. त्या गृहस्थाचा उभा जन्म यात्रेच्या कमानी आणि देवळांच्या भिंती रंगवण्यात गेलेला. बबनने मोबाइलवर ड्रॅगनचं चित्र दाखवलं. पेंटरने ते नीट निरखलं, "समजलं" म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत पाटीवर पाच फण्यांचा नाग काढून मोकळा झाला. बबनने फारच गळ घातली तेव्हा मधल्या फण्याच्या तोंडातून थोडा जाळ तेवढा काढून दिला. "आता झाला तुमचा ड्रॅगन," म्हणाला आणि शेवटच्या एसटीने औंढ्याला परत गेला.

काकूंना तो जाळ दिसत नाही. "माझ्या माहेरच्या वाटंवर नागनाथ हाय, सर," त्या मला म्हणाल्या. "नागोबा समोर दिसून राहिला अन् मी काय तशीच आत जाऊन भजे खाऊ?"

आता काकू चायनीज हॉटेलात जातातच का, ते सांगायला हवं. त्या खानावळ चालवतात. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, माझं लग्न गेली काही वर्षं 'यंदा नक्की' ठरणार आहे, आणि ते ठरेपर्यंत मी दोन्ही वेळा काकूंकडे जेवतो. माझ्याबरोबर बाहेरगावची पोरंपोरी पंगतीला असतात. आठवडाभर वरण, भाजी, ज्वारीची भाकरी. रविवारी दुपारी गोडधोड. आणि रविवारी संध्याकाळी चूल बंद. खानावळींचा हा नियम सगळ्या कॉलेजवाल्या गावांत असतो. त्यामुळे रविवारी संध्याकाळी अख्खं कॉलेज चायनीज खायला बाहेर पडतं. आणि कॉलेजच्या मागोमाग काकू बाहेर पडतात.

या मोहिमेला त्यांनी नाव दिलंय: तपासणी.

"आपली गिऱ्हाइकं तिकडं जाऊन काय खाऊन राहिली, ते आपल्याला ठाऊक नको? धंदा हाय, सर." मला सोबत नेण्याचं कारण असं की बाईमाणूस हॉटेलात एकटं बसलं तर लोक बघतात. मी सोबत असल्यामुळे लोक बघायचे थांबले असं काही मला आढळलेलं नाही. उलट माझेच विद्यार्थी माझ्याकडे ज्या करुणेने बघतात, ती परीक्षेच्या पेपरात दाखवली असती तर मी पानं भरून मार्क दिले असते.

काकू ठेंगण्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, काखेत कापडी पिशवी. पिशवीत हळदीची डबी. हळद भावाच्या शेतातली. "हळद न्हाई पडली तर अन्न कच्चंच राहतं, मग ते कितीबी शिजवा," हे त्यांचं ठाम मत. गावात हळदीचा एवढा मोठा बाजार, आणि त्या गावात पांढऱ्याफटक नूडल्स कुणी ताटात वाढाव्या याचा त्यांना मनापासून संताप येतो. पहिल्याच तपासणीला त्या थेट भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि डबी उघडली.

"काकू, चायनीजमधी हळद नसती," बबन काकुळतीला आला.

"काहून नसती? त्यायच्याकडं पिकत नसंल, त्यायची मजबुरी. तुला काय तकलीफ हाय?"

तोवर चमचाभर हळद कढईत पडली होती. तेव्हापासून आमच्या टेबलावर पिवळ्या नूडल्स येतात. एकदा नांदेडहून आलेल्या कुटुंबाने आमच्या ताटाकडे बोट दाखवून "आम्हालाही तेच द्या" म्हटलं. बबन धंद्यात हुशार. दुसऱ्या दिवशी मेनूकार्डात 'गोल्डन हक्का' आला.

बाकी पदार्थांवरचे निकाल काकू तिथल्या तिथे देतात. सूप म्हणजे आजाऱ्याची पेज. मंचुरियन समोर आलं तेव्हा त्यांनी एक गोळा फोडून पाहिला आणि बबनला बोलावलं. "भजे चांगले तळले होते की रे. मग रश्श्यात काहून बुडवले?" शेजवान चटणी जिभेच्या टोकावर ठेवून म्हणाल्या, "ठेचाच हाय. साखर घालून वाया घालवला." स्टेशनकडच्या एका हॉटेलात ताटाबरोबर लाकडी काड्या ठेवल्या होत्या. काकूंनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, समईची वात सारायला बऱ्या म्हणाल्या आणि पिशवीत टाकल्या.

पण खरी तपासणी पदार्थांची नव्हेच. नूडल्स पिवळ्या करून झाल्या की काकू टेबलाटेबलावर फिरतात. त्या फिरायला निघाल्या हे मला पाठमोरं बसूनही कळतं, कारण सगळी पोरं एकदम मेनूकार्ड चेहऱ्यासमोर धरून वाचायला लागतात. एरवी त्या पोरांना छापील कागद पाहिला की झोप येते, हे मी वर्गात रोज पाहतो.

"काहून रे गोविंदा, सकाळी अंग तापलं होतं ना तुझं? अन् बर्फाचं पाणी पिऊन राहिला?" ग्लास उचलला जातो. "ए लेकरा, नुसते सोयाचे तुकडे वेचून खातो, कोबी काय आमच्यासाठी ठेवला?" कोबी पोटात जातो. कळमनुरीची स्नेहल एकदा एका मुलाबरोबर कोपऱ्यात बसली होती. काकू जाऊन शेजारच्या खुर्चीत बसल्या. स्नेहलने घाबरून "हा माझा आतेभाऊ" असं सांगितलं. काकूंनी लगेच आतेभावाला आत्याचं गाव, आत्याचं माहेर, मामाचं आडनाव विचारायला घेतलं. त्या पोराला घाम फुटला, आणि तो काही शेजवानचा नव्हता. परत येताना मला वाटलं, आता ही बातमी कळमनुरीला पोचते.  काकू मात्र घर आल्यावर म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय. ताटात काही टाकलं न्हाई त्यानं."

नागपंचमी रविवारी आली तो दिवस ड्रॅगनच्या इतिहासात अमर आहे. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उकडलेलं खायचं. हे आपल्या घरी ठीक आहे. काकूंचं म्हणणं, ज्याच्या दारावर खुद्द नागोबा बसलाय त्याने तर ते पाळलंच पाहिजे. हॉटेल भरलेलं, पोरं भुकेली, आणि काकू बबनच्या हातातली सुरी धरून उभ्या.

"काकू, कोबी आज चिरलाच न्हाई! कालच चिरून ठेवला होता," बबनने शक्कल लढवली.

"कालचा? म्हंजे माझ्या लेकरायला शिळा कोबी चारून राहिला व्हय तू?"

बबन पुरता सापडला. ताजा म्हणावं तर नागोबाचा कोप, कालचा म्हणावं तर काकूंचा. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग काकूंची नजर भांड्यात वाफवायला ठेवलेल्या मोमोंवर गेली. त्यांनी झाकण काढलं, एक मोमो उचलून उलटा केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! हे तर दिंडच की!"

पुरण भरून उकडलेली दिंडं नागपंचमीला घरोघर होतात. चीनमध्येही नागपंचमी होते याबद्दल काकूंच्या मनात आता काही शंका उरली नाही. पुढचा तासभर त्या हॉटेलात जे चाललं ते भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही. टेबलाटेबलावर कोबीचे गड्डे फिरले. पोरं हातांनी कोबी तोडत होती, पोरी पिवळ्या पिठाच्या पाऱ्या लाटत होत्या, मी गाजर दाताने तोडावं की खलबत्त्यात ठेचावं यावर गोविंदाशी वाद घालत होतो. पहिली खेप उकडून निघाल्यावर काकूंनी एक मोमो पानावर ठेवून बाहेर पाटीखाली नेला आणि ड्रॅगनला नैवेद्य दाखवला. सगळं हॉटेल दारात उभं राहून टाळ्या वाजवत होतं. इतकं हसून मी हिंगोलीत कधीच जेवलो नव्हतो.

पण वयात आलेल्या पोरांना रोज नागपंचमी नको असते. दिवाळीनंतर बायपासला काचेच्या दारांचं, गार हवेचं एक नवं चायनीज निघालं. एका शनिवारी स्नेहल आणि आणखी चौघं माझ्याकडे आली.

"सर, राग मानू नका. काकू चांगल्याच हायेत. पण आठवडाभर त्याच वाढतेत, त्याच रागावतेत. एक रविवार तरी मोकळं बसावं वाटतं. उद्या आमी बायपासला जाऊन राहिलो. तुमी त्यायला सांगा ना, तिकडं येऊ नका म्हणून."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या वयात मी माझ्या मावशीला चुकवायला गल्ली बदलून जात असे. मी हो म्हणालो.

रविवारी दिवस मावळायच्या आधीच काकूंकडे गेलो. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. दार उघडंच होतं. काकू तयार होऊन ओट्यावर बसलेल्या. इस्त्रीचं लुगडं, विंचरलेले केस, मांडीवर पिशवी. मागे स्वयंपाकघरात ताटं घासून भिंतीला उभी केलेली, भाकरीची परात पालथी. दुपारी ज्या घरात पंगतीच्या गलक्यात बोललेलं ऐकू येत नाही, तिथं नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

मी आडून सुरुवात केली. "काकू, आज राहू द्या तपासणी. तुम्हाला कुठं ते खाणं आवडतं?"

"बिलकुल न्हाई आवडत," त्या म्हणाल्या. "रातभर घशाशी येतं."

"मग कशाला जायचं?"

त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "एकटीसाठी भाकर थापाया बसले की पीठ मळता मळताच पोट भरतं, सर. मालक गेल्यावर पहिले दोन महिने मी उभ्यानंच खाल्लं. मग ही खानावळ काढली. आता ताटापाशी कोणी बसलेलं दिसलं, तरच घास उतरतो."

"मग रविवारी संध्याकाळीही चालू ठेवा ना. पोरं येतील."

"ते न्हाई जमायचं." काकू एकदम करारी झाल्या. "लेकरं आईबापाला सोडून आली. सहा दिवस मी देईन ते खातेत, एका शब्दानं बोलत न्हाईत. एक सांज तरी त्यायनं मनाचं खावं. मी माझ्यासाठी ती काहून हिसकून घेऊ?"

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.  मी एवढंच म्हणालो, "चला."

ड्रॅगनमध्ये त्या संध्याकाळी कुणी नव्हतं. काकूंनी चपला काढल्या, हात जोडले, आत आल्या आणि रिकाम्या टेबलांकडे पाहत राहिल्या. "परीक्षा जवळ आली असंल," त्या म्हणाल्या. परीक्षेला अजून पुष्कळ अवकाश होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. बबनने न विचारताच हळद घातली. काकूंनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. ताटात टाकलेलं अन्न मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी तास संपल्यावर मी स्नेहलला थांबवून ओट्यावरचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. माझं मत काही जोडलं नाही. ती खाली मान घालून ऐकत राहिली. "बराबर," एवढंच म्हणाली आणि गेली.

पुढच्या रविवारी काकू निघाल्या खऱ्या, पण चाल मंद होती. "आज सूप तेवढं घेऊ," असं दोनदा म्हणाल्या. ड्रॅगनच्या कोपऱ्यावर आलो तर आतून कालवा ऐकू आला. सगळी टेबलं मधोमध ओढून जोडलेली, दोन्ही बाजूंना पोरंपोरी पंगतीसारखी बसलेली, आणि मधे एक खुर्ची रिकामी. कुणाच्या तोंडासमोर मेनूकार्ड नव्हतं. स्नेहलचा आतेभाऊसुद्धा आला होता.

"काकू, या लवकर!" स्नेहल ओरडली. "गोविंदा पुन्हा बर्फाचं पाणी पिऊन राहिला!"

"काहून रे पोरा!" काकू ज्या सुटल्या त्या थेट आत. हातात डबी, पदर उडतोय, तोंडाचा पट्टा सुरू.

पायात चपला तशाच. पाटीवरचा नागोबा पाचही फणे काढून बघत राहिला. बबनने भट्टीवरून माझ्याकडे पाहिलं, मी बबनकडे पाहिलं. मग मीच पायरीशी थांबलो, बूट काढून भिंतीला लावले, आणि काकूंच्या वतीने हात जोडले.