किताबखाना तीन दिवस बंद ठेविल्याची हकीकत

श्रीविद्येस नमन, मोजपट्टीसही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, माघ शुद्ध पंचमी. कोणा एका राज्याच्या किताबखान्यापुढे, उंबऱ्यापासून दीड वीत अंतरावर, रोज सकाळी चपलांचा एक जोड येत असे, डाव्या चपलेच्या अंगठ्यास सेफ्टी पिन लाविलेली. किताबखान्याच्या अधिकारीणबाई पूर्वी रसायनशास्त्र शिकलेल्या, आणि ही बखर लिहिणाऱ्याही त्याच. त्यांनी सात महिने तो जोड पाहिला आणि अंतर बोटभरही चुकत नाही अशी नोंद केली, मात्र जोडाच्या धनिणीस काही पुसले नाही. धनीण नामे रेवती, वय एकोणीस. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढविली आणि मी मुलगी आहे असे बोलताच घराबाहेर घातली. मग कधी चार रात्री मैत्रिणीकडे, कधी चार एस्टी स्टँडावर, आणि दिवसा किताबखान्यात नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास. तेथे मेजे दोन, एक महिलांचे आणि एक पुरुषांचे. रेवतीने कोठे बसावे हा प्रश्न बाईंकडे गेला, बाईंनी त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारिला, आणि रेवती सात महिने वर्तमानपत्रांपाशी स्टुलावर, मांडीवर वही घेऊन बसली.

मग सरकारातून फर्मान आले की घर सुटलेल्या अशा मुलामुलींस साहाय्य कसे करावे याचे शिक्षण सेवकांनी घ्यावे. बाई बहुत संतोष पावल्या, आणि शिक्षणास जागा हवी म्हणून त्यांनी किताबखाना तीन दिवस बंद केला, आणि तशी पाटी सुवाच्य अक्षरात स्वहस्ते लिहिली. पहिले दिवशी शिपाई सदोबा यांस घर सुटलेल्या मुलाचे सोंग दिले. सदोबा म्हणाले, "बाई, मला घरातून काढलंय. बसायला जागा द्या."

बाई सवयीने वदल्या, "आज बंद आहे."

"हो, बाहेर पायरीवर पोरगी बसलीये, तिला सकाळी मी तेच सांगितलं. तिलाच आत घ्या ना. तिला सोंग करावं लागणार नाही."

बाईंनी दार उघडिले. चपलांचा जोड जागचे जागी होता, आज मात्र पायांत.

"मॅडम, बंद आहे ना?" रेवती म्हणाली.

"तुमच्यासारख्यांना मदत कशी करावी, ते शिकतोय."

"बरं. किती वेळ लागेल? परवा पेपर आहे माझा."

एवंच, उंबरा ते चप्पल अंतर दीड वीत, आणि तितके चालण्यास बाईंस महिने सात लागले. मग बाईंनी ती सुवाच्य पाटी काढिली आणि त्या 'शांतता राखा' या दुसऱ्या पाटीखाली उभ्या राहून, सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "रेवती, आत ये. महिलांच्या मेजावर खिडकीजवळची खुर्ची तुझी."