सरांच्या फळ्यावरची बाकी

गिरीज गावच्या क्लबात डार्ट्सच्या अंतिम सामन्याचे गुण लिहायला फर्डिनंड सरांना बसवलं, यात नवल नव्हतं. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, वजाबाकीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पंचाईत एवढीच, की प्रिन्सी नावाच्या मुलीसमोर खेळायला उभी होती ती त्यांचीच बायको, पॉलिन.

पॉलिनबाईंना तो कप हवाच होता. घरातल्या काचेच्या कपाटात सगळी मानचिन्हं सरांची, बाईंच्या नावाचं एकही नाही. गेले पाच महिने वाडीतल्या खोपीच्या दारावर बोर्ड टांगून, केळींना पाणी सोडलं की त्या डार्ट फेकत राहायच्या.

"मी तुझी बाजू घेतो, असं कुणाला वाटता कामा नये हां," सरांनी चर्चमधल्या मिस्साहून येतानाच बजावलं होतं.

"घेतलीय कधी, ती आज घ्याल?" बाई म्हणाल्या.

खेळ तसा सोपा. तीनशे एकातून प्रत्येक पाळीचे गुण वजा करत जायचे, आणि शेवटचा डार्ट बाहेरच्या बारीक कड्यात, म्हणजे दुप्पट गुणांच्या डबलमध्ये, मारून बरोबर शून्यावर यायचं. बाकीपेक्षा जास्त पडले तर ती पाळी फुकट, म्हणजे बस्ट, आणि आकडा पुन्हा होता तिथे.

बाईंची बाकी बहात्तर होती. तीन डार्टांत त्यांनी चाळीस गुण काढले. नेम धरताना त्यांनी जिभेचं टोक दातांत धरलं होतं, आणि सर तेच बघत राहिले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण बायको इतकी रंगात आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. बघता बघता त्यांनी फळ्यावर चाळीस लिहिलं.

पुढच्या पाळीत बाईंचा पहिलाच डार्ट सोळाच्या डबलमध्ये जाऊन रुतला. बाईंनी दोन्ही हात वर केले.

"अगं, बत्तीसच झाले!" सरांनी फळ्यावर खडू आपटला. "चाळीसातून बत्तीस गेले, आठ उरले. विसाचा डबल मारायचा होतास!"

हॉल हसला. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि हात हळूच खाली घेतले. पुढचा डार्ट काही मन लावून फेकलेला नव्हता. आठ हवे होते, अठरा पडले.

"बस्ट! पुन्हा चाळीस," सर म्हणाले आणि वर उपदेशही केला, "घाई केली की असं होतं. डार्ट उचलण्याआधी फळ्यावरची बाकी बघावी."

प्रिन्सीने तिच्या पाळीत खेळ संपवला. क्लबचा सेक्रेटरी जॅक्सन सरांचा जुना विद्यार्थी. प्रिन्सीला कप देताना तो म्हणाला, "मानलं सर तुम्हाला! बायकोलापण सूट नाही!"

लोक चहा-वड्यांकडे वळले. सर वहीत आकडे उतरवू लागले. बहात्तर, वजा चाळीस, बाकी चाळीस. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मिळालेले गुणच त्यांनी बाकी म्हणून लिहिले होते. खरी बाकी होती बत्तीस, आणि बाईंनी त्या एका डार्टात सामना संपवला होता.

"पॉलिन," सरांनी वही त्यांच्यापुढे धरली. "तू जिंकली होतीस गं."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"अर्धा हॉल तुमच्या हाताखाली शिकलेला. त्यांच्यासमोर तुमची वजाबाकी चुकली म्हणून मी सांगू? कप काय, पुढल्या वर्षी येईल. चला, चहा निवतोय."

वही मिटली की झालं असतं, बायकोने झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. पण सरांचा पाय निघेना. त्यांनी माइक उचलला.

"मुलांनो," केस पिकलेल्या माणसांना ते म्हणाले, "माझी वजाबाकी चुकली." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सगळ्यांच्या माना फळ्याकडे वळल्या. मग जॅक्सन ओरडला, "सर, परत एकदा बोला ना! तीस वर्षं वाट बघतोय आम्ही!" कपाला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या आणि शिट्ट्या त्या चुकीला मिळाल्या. प्रिन्सीने आपण होऊन कप आणून बाईंच्या हातात दिला.

"काकी, तुम्ही उगाच हात वर करणाऱ्यातल्या नाही, मला तेव्हाच वाटलेलं," ती म्हणाली.

सरांनी चाळीस पुसून बत्तीस लिहिलं आणि खाली शून्य काढलं. आयुष्यात त्यांनी शून्यं काही कमी दिली नव्हती, पण हे देताना त्यांचे डोळे भरून आले.

"वाकडं आलंय," कप पोटाशी धरून बाई म्हणाल्या. "पुसा, आणि नीट गोल काढा."