मयत ग्राहक ऑर्विल ट्वेट

"फोन कंपनीला असं पाणी पाजतो की बघत राहशील, मर्ना!" ऑर्विल ट्वेटने बायकोला छातीठोकपणे सांगितलं. उत्तर मिनेसोटातल्या त्या गावात गुडघाभर बर्फ पडला होता, आणि ऑर्विलला घरात बसून दुसरा उद्योग नव्हता.

इंटरनेट, टीव्ही, दोघांचे मोबाइल, सगळं त्याच्या नावावर, एकाच करारात. नव्या गिऱ्हाइकाला वर्षभर निम्मा दर आणि वीस वर्षांच्या जुन्याला ठेंगा! करार मध्येच मोडला तर दंड. तो माफ व्हायचा एकच मार्ग, गिऱ्हाईक वारलं पाहिजे.

"मग मी वारतो," ऑर्विल म्हणाला. "तू नवं गिऱ्हाईक हो."

"आणि रविवारी सिग्नेचा फोन?"

सिग्ने त्यांची मुलगी, अलास्कात मासळीच्या कारखान्यात कामाला. दोन वर्षांपूर्वी ऑर्विलच रागाच्या भरात म्हणाला होता, 'परत फोन करू नकोस.' तिनेही केला नाही! आता महिन्याभरापासून दर रविवारी तीनला करायला लागली होती.

"तो चुकला ना, तर मी तुला खरंच मारीन," मर्ना म्हणाली.

"रविवारच्या आत तुझं कनेक्शन सुरू!"

शुक्रवारी ऑर्विलने नाकावर रुमाल धरून कंपनीला फोन लावला. "मी ऑर्विलचा भाऊ बोलतोय. आमचा ऑर्विल गेला हो!"

पलीकडचं यंत्र गोड आवाजात म्हणालं, "नमस्कार, ऑर्विल. आम्ही तुमचा आवाज ओळखला आहे. तुमच्या निधनाबद्दल आम्हाला अतिशय दुःख आहे."

फोन बंद पडला. टीव्ही आपोआप काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली: 'ट्वेट कुटुंबाचं सांत्वन. नव्या कनेक्शनसाठी मृत्यूचा दाखला आणावा.' मर्नाचाही मोबाइल गेला, आणि कचेरी आता थेट सोमवारी उघडणार. घर इतकं शांत झालं, की फ्रिजची घरघर ऐकून दोघं दचकली.

कंपनीच्या कचेरीतली आर्डिस म्हणजे चर्चचा वार्ताफलकच! बातमी गावभर झाली. रविवारी सकाळी मर्नाने दार उघडलं, तर पायरीवर बटाटे-खिम्याची गरम परात. बर्फात पावलं दारापर्यंत आलेली, तशीच मागे गेलेली. बेल मात्र कोणी वाजवली नव्हती, कारण दुखवट्याच्या घरी जेवण पोचवायचं, पण त्रास द्यायचा नाही, हा गावचा शिरस्ता. दुपारपर्यंत अकरा पराती झाल्या, पण माणूस एक दिसेना!

बाराव्या परातीला आर्डिस सापडली. ऑर्विलने खिडकीतून जोरजोरात हात हलवला. तिने वर पाहिलं. परात अगदी हळू खाली ठेवली, मान आदराने झुकवली आणि पाठ न फिरवता उलट्या पावली निघून गेली.

"मर्ना," ऑर्विलने खिडकीच्या काचेत स्वतःला निरखत विचारलं, "मी तुला दिसतोय ना?"

"दुर्दैवाने! कोट घाल. पावणेतीन झाले."

बर्फ तुडवत शेजारच्या हार्लनकडे पोहोचेपर्यंत तीन वाजून गेले. हार्लनने दार उघडलं. ऑर्विलच्या तोंडातून वाफ येते का, ते नीट निरखलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कॉफी घेशील?" त्या मुलखात दारात मेलेला माणूस आला तरी आधी कॉफीच विचारतात.

"फोन दे रे बाबा!"

मर्नाने नंबर सांगितला. घाईत ऑर्विलकडून तो दोनदा चुकला. एव्हाना सिग्नेने घरी फोन लावला असणार, 'ग्राहक मयत' ऐकलं असणार. दोन वर्षं वाया घालवली, आता हेही! ऑर्विलला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

पलीकडे फोन उचलला गेला.

"सिग्ने, मी गं. बाबा."

एक हुंदका, आणि अगदी लहानपणीचा आवाज.

"बाबा? तिकडून... फोन लागतो?"

ऑर्विलने डोळे पुसले.

"लागतो गं," तो खजील होऊन म्हणाला, "पण हार्लनच्या बिलावर."