सौम्य मसाल्याचं लेबल

धम्मपालला निवड म्हणून करता येत नाही, ही त्याच्या आईची, बनुबाईची, जुनी तक्रार. तो चप्पल घ्यायला गेला की दुकानदार आधी चहा सांगायचा. बायको तेवढी झटकन ठरली, तीही साक्षीनं आधी होकार दिला म्हणून. आणि सांगलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आल्यापासून तर हा बाबा आठवडाभर एकाच प्रश्नावर अडून बसला होता.

बनुबाईच्या कांदा-लसूण मसाल्याची लेबलं छापायला त्यानं पायथॉन नावाच्या भाषेत तीन प्रोग्रॅम लिहिले होते. पहिला मजकूर वाचायचा, दुसरा लेबल जुळवायचा, तिसरा पानावर लेबलं मांडायचा. तिन्ही ओळीनं चालवावे लागत, आणि धम्मपाल हमखास मधलाच विसरायचा. म्हणून ती ओळ सांभाळणारं एखादं अवजार त्याला हवं होतं.

"पायथॉन म्हंजे काय रं?" बनुबाईनं विचारलं.

"अजगर, आई."

"आमच्या शिराळ्यात नाग मडक्यात घालायला एवढा येळ लागत न्हाई. काय काय हाय तुझ्याफुडं, सांग एकदा."

"एक साधी कमांडची फाईल आहे. ती दर खेपेला सगळं पहिल्यापासून करते. दुसरं 'मेक'. ते आधी वेळ बघतं. लेबलाच्या पानापेक्षा मजकूर नवा असला तरच काम करतं, नाहीतर हात लावत नाही. नाहीतर मी स्वतःच एक लिहितो, पण त्याला..."

"धनं भाजून ठेवल्यालं असलं तर मी परत भाजती व्हय? ते मेक घे. ऊठ आता."

घाई होती ती पाचगणीची. तिथल्या एका निवासी शाळेच्या मेसचे आप्पासो पहिल्यांदाच मसाला घेणार होते, तोही खोक्यांनी. पण एक अट होती, मसाला सौम्य हवा. बनुबाईच्या मसाल्याला असला शब्द आजवर कुणी लावला नव्हता. तिनं मिरची कमी केली, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून.

"लेबलावर ठळक लिव्हा, सौम्य म्हणून," तिनं बजावलं. "ह्यो माझा न्हेमीचा मसाला हाय असं कुणाला वाटलं, तर मी तोंड कुठं दाखवू?"

दुपारी धम्मपालनं मेक बसवून जुन्याच 'झणझणीत' मजकुरावर चालवून बघितलं. पान झकास तयार झालं. तिकडं साक्षी आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये 'सौम्य'चा मजकूर टाईप करत होती. तो फ्लॉपीवर घेऊन ती आली आणि थेट भाकरी थापायला गेली. धम्मपालनं फ्लॉपीवरचा मजकूर जुन्याच्या जागी घातला, मेक चालवलं. पडद्यावर उत्तर आलं: सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही.

"बघ आई, किती हुशार! सांगायच्या आधीच करून ठेवलंय."

"निवडलं कुणी?" बनुबाई म्हणाली.

त्यानं पान सरळ प्रिंटरला दिलं. बनुबाई लेबल ओळखायची ती त्यावरच्या मिरचीच्या चित्रावरून. अक्षरांच्या वाटेला ती सहसा जात नसे, आणि जात नाही हे कुणाला कळू देत नसे. मिरची जागेवर होती. तिनं खळ लावून लेबलं डकवली आणि खोकी पहाटेच्या एस्टीनं पाचगणीला गेली.

दोन दिवसांनी शेजारच्या दुकानात आप्पासोंचा फोन आला.

"आवं बनुबाई, पुड्यांवर झणझणीत लिव्हलंय, म्हणून पोरांना न देता आमी आन् मास्तर लोकांनीच खाल्ला. हे सांगलीचं तिखट? आमचा वाईचा आचारी हसून हसून बेजार झालाय की!"

बनुबाई घरी आली ती लाल होऊन.

"वाईचा मानूस हसला माझ्या मसाल्याला! काय केलं तुझ्या त्या अजगरानं?"

धम्मपालनं पडद्यात डोकं घातलं. "आई, मेकला वाटलं मजकूर जुना आणि पान नवं. पण पान तर साक्षीच्या आधी केलं होतं. असं कसं होईल?"

साक्षीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पडद्यावरची वेळ पाहिली आणि मग हळूच भिंतीकडं पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढं होतं. माणसं वेळेवर घराबाहेर पडावीत म्हणून बनुबाईनंच ते लावलेलं. कॉम्प्युटर आला त्या दिवशी 'एका घरात दोन टाईम चालायचे न्हाईत' म्हणून त्याचंही घड्याळ तिनं पुढं करायला लावलं होतं.

"क्लासातल्या कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे, आत्या, आणि मजकुरावर तिथलीच वेळ पडली," साक्षी जमिनीकडं बघत म्हणाली. "आपलं पान अर्धा तास पुढच्या वेळेचं झालं. म्हणून त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत लिहिलेला माझा मजकूर जुना ठरला."

बनुबाई उठली, डब्यातला अस्सल मसाला पिशवीत भरला, गाठ मारली.

"लेबल?" धम्मपालनं विचारलं.

"नको. खाल्ल्यावर कळंल."

पिशवी पाचगणीला पोचली आणि दुसऱ्या दिवशी आप्पासोंचा फोन आला. आवाज बसला होता, मध्येच उचकी. दोन्ही मसाले दर महिन्याला पाठवा म्हणाले. आचारी फोनवर यायला तयार नव्हता.

बनुबाई परतली तेव्हा धम्मपाल कॉम्प्युटरपाशी चुळबुळत होता. "आई, ह्याचं घड्याळ तरी बरोबर लावू का?"

"त्याचं लाव. भिंतीवरच्याला हात लावशील तर बघ." तिनं पदर खोचला. "आन् धम्मा, फुडच्या बारीला अवजार तूच निवडायचं. लागू देत आठ दिस. मी निवडलं आन् बिघडलं, तर मला कुणाला बोलताच येत न्हाई रं!"