अप्पा लेल्यांचा खरवस

आमच्या नेहरू नगरात कोणाची सून बाळंत व्हायची आहे, हे शेजारच्या अप्पा लेल्यांना ठाऊक नसतं. गवळ्याची कोणती गाय कधी विणार, हे मात्र तोंडपाठ. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून विचारतात, "क्यों भैया, कितने दिन बाकी?" गवळी एकदा वैतागून म्हणाला, "बाबूजी, गाय से ही पूछ लो." तर हे खरंच गोठ्यात जाऊन आले.

सगळं खरवसासाठी. चीक पहिल्या दिवसाचाच हवा. दुसऱ्या दिवसाचा आणला तर दारातून परत. "तो चीक नव्हे ताई, दूधच ते!" मग स्वयंपाकघराला आतून कडी. आधी वाटीभर उकडून बघायचा, सुरी खुपसायची, मग डबा कुकरात. खरवस थिजेपर्यंत शेजाऱ्यांनी दार आपटायचं नाही. मी मुद्दाम आपटते.

दुसऱ्याच्या हातचा खरवस मात्र त्यांच्यासमोर येऊ नये. धाकटा भाऊ बापू अशोका गार्डनला राहतो. गेल्या वर्षी त्यानं नव्या व्याह्यांसाठी हौसेनं केला, तोही तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा. तो कसला थिजतोय! अप्पा भर पंगतीत म्हणाले, "बापू, चमचे कशाला? पेले आण." व्याही हसले. बापू उठून आत गेला. तेव्हापासून अप्पांशी बोलत नाही, फोन उचलत नाही.

परवा अप्पा डबा घेऊन माझ्या दारात. "ताई, बापूकडे जाता का? मला बघून दार उघडायचा नाही."

"जीभ तुमची सुटणार आणि पाय माझे झिजणार," मी म्हटलं. पण गेले.

बापूनं डबा पाहून तोंड फिरवलं. "परत न्या."

"भर उन्हात दोन रिक्षा बदलून आलेय. तू खा, नाहीतर मी खाते."

एक वडी खाल्लीन. मग दुसरी. मग बोलला.

परत आले तर अप्पा फाटकाशीच. "काय म्हणाला?"

मला गोड करून सांगता येत नाही. "म्हणाला, 'दादाला सांगा, जायफळ जास्त पडलंय. आणि दगड केलाय नुसता.'"

अप्पांच्या खरवसाला नाव ठेवून आजवर कोणी सुटलेलं नाही. मी पदर खोचून तयार राहिले.

"'दादाला' म्हणाला?"

"म्हणाला."

"हं," अप्पा म्हणाले. "पडलं असेल जायफळ जास्त."